ड्रममधलं पाणी

हिलालअप्पाच्या नाकाबद्दल आधी सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला समजायचं नाही.

सकाळी आम्ही बायका कोल्डच्या फाटकातून आत शिरायचो तेव्हा हा माणूस मशीनरूमच्या पायरीवर उभा असायचा. समोरून जाणाऱ्या बाईकडे मान वर करूनही बघायचा नाही आणि म्हणायचा, "छाया, लसूणनी चटणी." दुसरी गेली की, "कविता, पोऱ्या मुतना का आंगवर?" कविता लाजून पळायची, बाकीच्या खिदळायच्या. एकदा मला म्हणाला, "उज्ज्वला, तुन्हा घर आज झगडा व्हयना." मी म्हटलं, भांडणाचा कधी वास येतो का, अप्पा? तर म्हणे, तुझ्या डब्यातली भाजी करपली आहे, आणि तू भाजी करपू देणारी बाई नाहीस. 

त्यानं जन्मात कधी बिडी ओढली नाही, तंबाखू खाल्ली नाही, डोक्याला वासाचं तेल लावलं नाही. घरात उदबत्तीसुद्धा लावू देत नसे. उषाबाई, म्हणजे त्याची बायको, माझ्याकडे कुरकुर करायची, "देवले तरी जराखा वास येवू द्या ना, बाई!" पण तो ऐकायचा नाही. नाक शे तर नोकरी शे, एवढंच बोलायचा.

कोल्ड म्हणजे आमचा सुरतेतला कारखाना. गोडादऱ्याच्या पुढे, चलथाणकडे जाणाऱ्या रस्त्याला. सुरती पापडीच्या शेंगा, तुरीचे दाणे, मटार, असलं सगळं आम्ही निवडायचं, सोलायचं, धुवायचं, मग ते गोठवून खोक्यांत भरून परदेशात जायचं. तिकडच्या गुजराती लोकांना हिवाळ्यात उंधियू खायची हौस, म्हणून लिंबायतच्या खान्देशी बायकांची बोटं गारठायची. आम्ही एक्केचाळीस बायका, आणि मी त्यांची मुकादम. मला राग लवकर येतो, तोंडही फटकळ आहे. मुकादम केली ती त्याच गुणावर.

अप्पा अमळनेर तालुक्यातला. विसाव्या वर्षी सुरतेला आला, लिंबायतमध्ये सहा वर्षं लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवले, त्या खडखडाटात डावा कान घालवला. मग एका बर्फाच्या कारखान्यात लागला. तिथं कासमचाचा नावाचे म्हातारे उस्ताद होते. गंधकाची कांडी पेटवून पाइपाजवळून फिरवायची, जिथं पांढरा धूर दाटला तिथं गॅस गळतो आहे, हे त्यांनी शिकवलं. पण अप्पाला कांडी लागायची नाही. कांडीच्या आधी त्याचं नाक सांगायचं. आमचं कोल्ड सत्याऐंशीला उभं राहिलं तेव्हा शेठनं त्याला मशीन चालवायला तिथून उचलून आणला.

गॅस म्हणजे अमोनिया. त्याच्यावरच सगळी थंडी चालते. आम्हाला सुरुवातीला वाटायचं, मुतारीसारखा वास येतो, त्यात काय एवढं? अप्पानं एक दिवस सगळ्यांना निंबाखाली बसवलं आणि समजावलं. हा गॅस पाण्याचा भुकेला आहे. पाणी दिसलं की चिकटतो. तुमच्या डोळ्यांत पाणी आहे, घशात आहे, छातीत आहे, तो तिथं जाऊन चिकटतो आणि जाळतो. म्हणून तोंडावर ओलं फडकं धरायचं. मग तो फडक्यातल्या पाण्यालाच चिकटतो, आत कमी जातो.

त्यानं गच्चीवर बांबू रोवला आणि लूमवरच्या नापास साडीचा एक नारंगी तुकडा त्याला बांधला. वारा कुठून कुठे वाहतो ते दिसावं म्हणून. पॅकिंगच्या दाराशी दोनशे लिटरचा निळा ड्रम ठेवला, पाण्यानं भरून, वर झाकण. ड्रम भरायचं काम माझ्याकडे. आणि दर मंगळवारी दुपारी आमची शाळा. अप्पा थाळी वाजवायचा आणि ओरडायचा, "फडकं देखा, पदर वल्ला करा, मंग पया!" की आम्ही हातातली पापडी टाकून उठायचो, बाहेर येऊन गच्चीवरच्या फडक्याकडे बघायचो, ड्रममध्ये पदर बुडवून तोंडाला लावायचो आणि वाऱ्याच्या उलट बाजूला पळायचो. निंबापाशी मी मोजायची. एक्केचाळीस झाल्या की परत. थंडीच्या दिवसांत ओला पदर अंगाला चिकटायचा, बायका त्याला शिव्या घालायच्या. मॅनेजर केबिनमधून हात हलवायचा, "अरे भाई, पंदर मिनिट बगडे छे!" पंधरा मिनिटं वाया जातात म्हणे. डोंबलाची पंधरा मिनिटं!

मशीनरूममध्ये घालायला एक मास्क होता, काचेच्या पेटीत ठेवलेला. त्याच्या गॅस गाळणाऱ्या डब्याची तारीख ब्याण्णव सालीच उलटून गेली होती. अप्पानं नवा डबा तीनदा मागितला. तीनही वेळा उत्तर एकच, "आवती सीझनमां," म्हणजे पुढच्या सीझनला. त्या मॅनेजरला मी आजही समोर आला तर सोडणार नाही, पण ते असू द्या. त्याच्यावर ढकलून मला सुटायचं नाही.

आता तेलाचं सांगते. मशीनमधलं तेल गॅसबरोबर पुढे जातं आणि टाकीच्या तळाशी साठतं. ते अधूनमधून बादलीत काढावं लागतं. थंडीनं ते काकवीसारखं घट्ट झालेलं असतं, अर्धा-अर्धा तास लागतो. आणि तेल संपलं की मागून गॅस येतो. म्हणून त्या नळाला स्प्रिंगचा दांडा असतो. हातानं दाबून धरला तर उघडा, हात सोडला की आपोआप बंद. माणसानं तिथून हलूच नये यासाठी तो केलेला आहे. पण अर्धा तास दांडा दाबून मनगट भरून येतं. मग ऑपरेटर काय करतात, दांड्याला वायर गुंडाळून बांधून ठेवतात आणि चहाला जातात. सुरतेत जिथं जिथं अमोनिया आहे तिथं तिथं हेच चालतं, असं अप्पा म्हणायचा. दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर बन्सीलाल, बुलढाण्याकडचा, स्वभावानं गरीब माणूस, तोही बांधायचा. अप्पाला वायर सापडली की तो पक्कडीनं तोडायचा आणि बन्सीलालच्या हातात द्यायचा.  बन्सीलाल खाली मान घालून वायर खिशात टाकायचा, आणि चार दिवसांनी पुन्हा बांधायचा.

चौऱ्याण्णवच्या भाद्रपदात प्लेग आला. आमच्या गल्लीतली एक बाई सोमवारी माझ्याशी नळावर भांडली आणि बुधवारी गेली. बुधवारी! लिंबायत एका रात्रीत रिकामं झालं. मी दोन पोरं काखोटीला मारून, जीव मुठीत धरून ट्रकमधून पारोळ्याला पळाले. शेठ पळाला, मॅनेजर पळाला, बन्सीलाल पळाला. अप्पानं उषाबाईला आणि पोरीला गाडीत बसवून दिलं आणि स्वतः कोल्डवर परत गेला. बारा दिवस एकटा. मी नंतर विचारलं, अप्पा, जिवाची भीती नाही वाटली? तो म्हणाला, गॅस टाकीत भरलेला होता, त्याला कोण गावी नेणार?

परत आलो तेव्हा सगळं सुरत पांढरं झालेलं होतं. गटारींच्या कडेनं पावडर, उंबऱ्यावर पावडर, संडासात पावडर. ब्लीचिंग पावडरची पोतीच्या पोती वाटली होती, आमच्या कोल्डवरही चार कट्टे येऊन पडले. मला त्या पावडरीचं वेडच लागलं म्हणा ना. माझ्या डोळ्यांसमोर ती नळावरची बाई होती. मोरीत पावडर, पायपुसण्यावर पावडर, पोरांच्या आंघोळीच्या पाण्यातही चिमूटभर. त्या वासानं मला झोप लागायची. नवरा म्हणायचा, घराचा दवाखाना केला तू. मी म्हणायची, गप बसा.

पंचाण्णवच्या संक्रांतीचा आदला दिवस. उंधियूचा ऐन सीझन, पापडीचे ढीग, बायका अंधारातच कामाला लागलेल्या. सकाळी मी ड्रमचं झाकण उघडलं तर पाण्यावर हिरवट साय, आणि आत वळवळणाऱ्या अळ्या.  हे पाणी बायका तोंडाला लावणार! ड्रम उपडा करून घासायचा तर अर्धा तास जाणार, आणि नळाला तर पाणी नव्हतं. मी कोपऱ्यातला कट्टा उघडला आणि पत्र्याच्या मापानं पावडर टाकली. एक माप. मग म्हटलं, एवढ्यानं काय होणार, अजून एक. अशी चार मापं टाकली. काठीनं ढवळलं. अळ्या तळाला गेल्या, पाणी स्वच्छ झालं. मी झाकण लावलं, आणि खरं सांगते, मला वाटलं, अप्पा आला की खूश होईल. त्याची त्या दिवशी तीनची पाळी होती, सकाळची बन्सीलालची.

पावडर आणि अमोनिया एकत्र आले तर काय होतं, हे मला माहीत नव्हतं. एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल.

पावणेतीनला माझ्या नाकात सुई टोचल्यासारखं झालं. कविता खोकली, मागोमाग चौघी खोकल्या. थाळी वाजायची मी वाट बघितली नाही. "टाका हातातलं! उठा!" बाहेर आलो. मशीनरूमच्या दारातून पांढरं धुकं जमिनीलगत वाहत होतं. गच्चीवरचं फडकं नैऋत्येकडे ताठ उभं होतं. मंगळवारच्या शाळेमुळे कुणाला काही सांगावं लागलं नाही. पदर ड्रममध्ये, पदर तोंडाला, आणि पळत निंबाकडे. "माय वं, पाणी झोंबस!" छाया ओरडली. "गॅस झोंबतोय, बावळट!" मी म्हटलं. निंबापाशी वारा स्वच्छ होता, तिथं नुसते डोळे चुरचुरत होते. मी मोजल्या. एक्केचाळीस.

रस्त्यापलीकडच्या टपरीवरून बन्सीलाल धावत आला, हातात चहाची बशी तशीच. तेवढ्यात फाटकातून अप्पा सायकलवरून आत शिरला. सायकल त्यानं उभी केली नाही, सोडून दिली. "अप्पा, वायर…" बन्सीलाल एवढंच बोलू शकला.

"वरला चाक?" अप्पानं विचारलं. तेलाच्या नळाच्या वर गॅस तोडणारा एक चाकाचा वॉल्व होता.

"उघडाच हाये."

अप्पानं फडक्याकडे बघितलं, आणि फडकं जिकडे दाखवत होतं तिकडे बघितलं. भिंतीपलीकडच्या शेतात ऊसतोडीवाल्यांच्या खोप्या होत्या, तीस-पस्तीस. आमच्याच नंदुरबार-साक्रीकडची माणसं, चलथाणच्या साखर कारखान्यासाठी ऊस तोडायला आलेली. धडधाकट माणसं फडात गेलेली. खोप्यांत उरले होते म्हातारे, आणि झोळीतली पोरं. धुकं भिंतीच्या भोकांतून तिकडेच चाललं होतं. हाक मारून तीस झोळ्या कोण हलवणार?

मास्कच्या पेटीकडे तो वळलासुद्धा नाही. गळ्यातला लाल गमछा ओढला, ड्रमपाशी आला, बुडवला, आणि नाकाशी नेला. तिथं तो थांबला.

मला ते आजही दिसतं. गमछा नाकापासून जरा खाली केला आणि निंबाकडे, सरळ माझ्याकडे बघितलं. मला वाटलं तो विचारतो आहे, बायका सगळ्या बाहेर आल्या का. मी जीव खाऊन ओरडले, "एक्केचाळीस, अप्पा! सगळ्या बाहेर!" त्यानं मान हलवली, गमछा तोंडाला घट्ट बांधला आणि धुक्यात गेला.

चार-पाच मिनिटं गेली असतील. मशीनरूमच्या दारातून तो रांगत बाहेर आला. डोळे मिटलेले, गमछा गळ्यात उतरलेला, तोंडातून फेस. धुकं मात्र विरत चाललं होतं. चाक बंद झालं होतं. खोप्यांतली एक म्हातारी बेशुद्ध पडली, पोरं खोकून खोकून लाल झाली, पण मेलं कुणी नाही. बंबवाले आले तेव्हा करायला फारसं काही उरलं नव्हतं.

दवाखान्यात तो चोवीस दिवस होता. तिसऱ्या दिवशी मी आणि मॅनेजर तिथं उभे असताना डॉक्टरनं विचारलं, "वहाँ सिर्फ अमोनिया था? कोई क्लोरीनवाली चीज तो नहीं थी?" मॅनेजर म्हणाला, नाही हो साहेब, आमच्याकडे कुठलं क्लोरीन. मला ड्रममधली पावडर आठवली. संध्याकाळी लिंबायतच्या औषधवाल्याला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, पावडर आणि अमोनिया एकत्र केलं तर? तो म्हणाला, "भूल से भी मत करना बेन, फेफड़े खा जाता है." ओल्या फडक्यातच ते विष तयार होतं, नाकासमोर, आणि माणूस तेच ओढत राहतो.

मग मी काय केलं? जाऊन सांगितलं? नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी कोल्डवर गेले, ड्रम उपडा केला, घासला, चांगलं पाणी भरलं. दुपारी सरकारी इन्स्पेक्टर आला. त्यानं दांड्याची वायर पिशवीत घातली, मास्कच्या डब्याची तारीख लिहून घेतली, ड्रममध्येही डोकावला आणि म्हणाला, बहुत अच्छा इंतजाम है. मी शेजारीच उभी होते.

बन्सीलालला काढला. बायका त्याच्यासमोर थुंकल्या. मीही थुंकले, हेही सांगून टाकते. तो म्हणाला, "वायर मीच बांधली होती, बाई, मारा मला." सामान घेऊन गावी गेला तो गेलाच.

अप्पा घरी आला, पण अप्पा राहिला नव्हता. दहा पावलं चालला की भिंत धरायचा. रात्रभर बसून राहायचा, आडवा झाला की छाती भरायची. आणि नाक मेलं. उषाबाईनं चुलीवर भाकर ठेवून पाणी भरायला जावं आणि परत येऊन बघावं तर भाकर कोळसा झालेली, खोली धुरानं भरलेली, आणि हा शेजारी बाजेवर बसलेला. कशाचा म्हणून त्याला पत्ता नाही. उषाबाईनं त्या दिवशी देवाजवळ उदबत्ती लावली, आणि लावता लावता रडली.

तो लाल गमछा तिनं धुऊन ठेवला होता. एकदा माझ्यासमोर उलगडला. मधोमध तळहाताएवढे पांढरे डाग, रंग पार उडालेला. तिनं विचारलं, "उज्ज्वलाबाई, त्या गॅसवरी रंग जास का वं?" मी म्हटलं, हो, जातो. गॅसच तसला आहे मेला. तिनं घडी घातली आणि त्याच्या उशाखाली ठेवला.

तीन वर्षं मी दर शनिवारी जायची. कधी पापडी, कधी ज्वारीचं पीठ. लोक म्हणायचे, उज्ज्वलेनं माणुसकी धरून ठेवली. ऐकून मला स्वतःची किळस यायची. अठ्ठ्याण्णवच्या श्रावणात एका शनिवारी तो फारच थकलेला दिसला. शेजारच्या लूमचा खडखडाट भिंतीतून येत होता. त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं. "अप्पा, ड्रममधी पावडर मी टाकेल व्हती."

त्यानं लगेच उत्तर दिलं. जणू तयारच होतं. "माले मालूम शे."

"कवयपासून?"

"गमछा नाकले लावा तवयपासून."

पुढचं तो थांबत थांबत बोलला, ते माझ्या शब्दांत सांगते. नाकाला वास आला होता. बर्फाच्या कारखान्यात कासमचाचा पावडर आणि गॅस एका खोलीत ठेवू देत नसत, म्हणून काय होणार तेही माहीत होतं. दुसरं पाणी मशीनरूमच्या आत होतं. कोरड्या तोंडानं गेलं तर दारातच पडणार. हे घेऊन गेलं तर चाकापर्यंत पोचता येईल. चाक बंद करायला अकरा फेरे होते. त्यानं मोजले.

मी रडत विचारलं, मग कुणाला सांगितलं का नाही? माझ्यावर राग नाही आला?

"येस ना. रोज येस. खोकला उना का तुन्हं तोंड दिखस." तो माझ्याकडे बघून बोलला, आवाज न चढवता. मग म्हणाला, सांगितलं असतं तर एकाही बाईनं पुन्हा त्या ड्रमला हात लावला नसता. वायर बांधणारे पुन्हा येणार, आणि तेव्हा या बाया कोरड्या पदरानं पळतील. "तू बी नको सांगू. पाणी रोज बदल. आन्‌ आधी तू पी."

मागे वळले तर उषाबाई दारात उभी होती, हातात चहाचे दोन कप. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिनं एक कप अप्पासमोर ठेवला. दुसरा माझा होता. तो तिनं तसाच परत आत नेला.

मार्गशीर्षात अप्पा गेला. मी दारापर्यंत गेले, आत जायची हिंमत झाली नाही. उषाबाई अजूनही लिंबायतच्या बाजारात दिसते. मी दिसले की रस्ता बदलते. तिनं बोलावं असं म्हणायचा मला हक्क नाही.

अप्पानं सांगितलं तसं मी वर्षभर केलं. रोज सकाळी ड्रम घासायचा, पाणी भरायचं, आधी आपण प्यायचं. पण मागच्या मंगळवारी शाळा संपल्यावर नव्या पोरी निंबाखाली बसल्या होत्या आणि एक म्हणाली, तो बन्सीलाल राक्षस होता म्हणे, त्यानंच अप्पांना मारलं. कविता म्हणाली, हो, त्याचं कधी भलं होणार नाही. मला राहवलं नाही. अप्पाचा शब्द मोडला. उभी राहिले आणि सगळं सांगितलं. वायर त्याची होती, पावडर माझी होती. चार मापं.

 नव्या मॅनेजरची घंटा झाली, सगळ्या आत गेल्या.

काल मंगळवार होता. मी थाळी वाजवली आणि ओरडले, "फडकं देखा, पदर वल्ला करा, मंग पया!" एक्केचाळीस बायका बाहेर आल्या, फडक्याकडे बघितलं, आणि ड्रमपाशी येऊन थबकल्या. एकीनंही हात घातला नाही. अप्पा म्हणाला होता अगदी तसंच. मी लोटा बुडवला, त्यांच्यासमोर घटाघटा प्याले, तरी जागची कुणी हलली नाही. मग कविता पुढे आली. तिनं ओंजळीत पाणी घेतलं, नाकाशी नेलं, डोळे मिटून हुंगलं, आणि मग पदर बुडवला. तिच्यामागून छाया. मग एकेक करून सगळ्याच. आधी हुंगायचं, मग बुडवायचा.

वेळ खूप लागला. खरोखर गॅस सुटला असता तर इतका वेळ मिळाला नसता. मी ड्रमशेजारी लोटा धरून उभी होते, आणि जाताना माझ्याकडे कुणी बघितलं नाही.